मोठ्या आजारानंतर जीवन विमा: खाप्यातल्या घरांसाठी

अँजिओप्लास्टी झाली, कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टीबीचा कोर्स झाला की आता आपल्याला विमा मिळायचा नाही, असं बहुतेक जण धरूनच चालतात. हे अर्धंच खरं आहे. काहींना खरोखरच नकार मिळतो. पण पुष्कळांना मिळणारं उत्तर वेगळं असतं: थोडं थांबा, कागद आणा, हप्ता जरा जास्त भरा. आणि तिसरा एक मोठा गट आहे, ज्याला विमा अगदी सहज मिळतो, कारण फॉर्मवर आजाराचा उल्लेखच झालेला नसतो. मला खरी काळजी या तिसऱ्या गटाची वाटते. हातात पॉलिसी असते, हप्ते वेळेवर जातात, घरचे निश्चिंत असतात. घोटाळा कळतो तो माणूस गेल्यावर, बायको दाव्याचे कागद घेऊन शाखेत उभी राहते तेव्हा.

खाप्यासारख्या गावात हे जास्त लागतं. कन्हानकाठचं हे हातमागाचं जुनं गाव. जवळ गुमगावची मँगनीजची खाण, भोवती संत्र्याचे बगीचे. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार घरात येतो अशी घरं मोजकी. कमावत्या माणसाला मोठा आजार झाला की उपचार नागपुरात: मेडिकल, मानेवाड्याकडचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधलं एम्स. उपचार सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसले तरी येण्याजाण्यात आणि बुडालेल्या मजुरीत घरची गंगाजळी आटते. अशा घराला विम्याची गरज इतरांपेक्षा जास्त, आणि तो मिळण्याची वाट मात्र अवघड.

नवीन पॉलिसीचं नंतर बघू. आधी ट्रंकेत किंवा कपाटात ठेवलेली जुनी काढा. आजार होण्याआधी, खरी माहिती देऊन घेतलेली जी पॉलिसी चालू आहे, ती तशीच चालू राहते. नंतर आजार झाला म्हणून कंपनी तिचा हप्ता वाढवू शकत नाही की ती बंद करू शकत नाही. आजार झाल्याचं कळवायचीही गरज नसते. म्हणजे आजारी माणसाच्या घरात सगळ्यांत मोलाची पॉलिसी हीच. आणि नेमकी हीच आजारपणात मोडली जाते. दवाखान्याला पैसे लागतात म्हणून सरेंडर होते, नाहीतर धावपळीत हप्ता राहून लॅप्स होते.

पैशांची फारच नड असेल तर सरेंडर करण्याआधी त्या पॉलिसीवर कर्ज मिळतं का, ते शाखेत विचारा. एंडोमेंटसारख्या बचतीच्या पॉलिसीवर काही वर्षांचे हप्ते भरलेले असले की ते मिळतं. टर्म पॉलिसीवर मिळत नाही. हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस असतात: मासिक हप्त्याला 15, तिमाही, सहामाही आणि वार्षिक हप्त्याला 30. त्या दिवसांत भरला तर काहीच बिघडत नाही. ते दिवस उलटले की पॉलिसी बंद पडते. मग ती पुन्हा सुरू करताना, म्हणजे रिव्हायव्हल करताना, कंपनी प्रकृतीचं घोषणापत्र मागू शकते आणि त्यात नवा आजार लिहावाच लागतो. एलआयसी मधूनमधून रिव्हायव्हलची मोहीम काढते. तिच्यात विलंब शुल्कात सूट मिळते, आजाराच्या माहितीत मिळत नाही. त्यामुळे घरात कुणी दवाखान्यात भरती असेल तेव्हा हप्त्याची तारीख सांभाळण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी नावानिशी सोपवा.

आता नवीन पॉलिसी. सगळं ठरतं ते प्रपोजल फॉर्मवर. आपल्याकडे तो कसा भरला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एजंट ओळखीचा असतो, बरेचदा नात्यातला. ओसरीवर चहा होतो. नाव, जन्मतारीख, आधार, बँकेचं पासबुक एवढं विचारून होतं, आणि प्रकृतीच्या प्रश्नांचं पान आलं की पेन वरून खाली एका दमात ‘नाही, नाही, नाही’ करत जातं. ‘भाऊ, ते ऑपरेशन झालं होतं ना?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘ते लिहिलं तर केस अडकते. तीन वर्षं झाली की कोणी विचारत नाही.’ मग दाखवलेल्या जागी सही होते.

हे ‘तीन वर्षं’ कुठून आलं ते नीट समजून घ्या. विमा कायदा 1938 चा. त्याच्या 45 व्या कलमात 2015 साली बदल झाला. त्यानुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्यावर कोणत्याही कारणाने शंका काढता येत नाही. ही तीन वर्षं पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, रिव्हायव्हलची तारीख आणि रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेतल्याची तारीख यांपैकी जी शेवटची, तिथून मोजतात. लॅप्स पॉलिसी सुरू केली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, ते असं.

तरतूद चांगली आहे. प्रामाणिक माणसाला ती खरंच तारते: फार जुन्या एखाद्या चिठ्ठीचा आधार घेऊन त्याचा दावा कुणी फेटाळू शकत नाही. पण मोठा आजार होऊन गेलेल्या माणसाला धोका सगळ्यांत जास्त असतो तो याच पहिल्या तीन वर्षांत. त्या काळात मृत्यू झाला की दावा चौकशीला जातो. तपास करणारा माणूस गावात येतो, शेजारी विचारतो, नागपूरच्या दवाखान्यांत नोंदी बघतो. सरकारी योजनेतून उपचार झाले असतील तर त्यांची नोंद असतेच. माहिती लपवल्याचं निघालं तर दावा फेटाळला जातो. त्यात फसवणुकीचा आरोप नसेल तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत द्यावे लागतात. फसवणूक ठरली तर तेही परत मिळण्याची शाश्वती नाही.

या बाबतीत आपल्या देशात सगळ्यांत जास्त आधाराला घेतला जाणारा निकाल आपल्याच जुन्या प्रांतातला आहे: मिठूलाल नायक विरुद्ध एलआयसी, सर्वोच्च न्यायालय, जानेवारी 1962. प्रकरण जबलपूरकडचं. त्या वेळी जबलपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं आणि राजधानी नागपूर. ओरिएंटल कंपनीची 25,000 रुपयांची पॉलिसी 1945 च्या मार्चमध्ये मिळाली. 1943 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विमेदारावर एका डॉक्टरांनी अ‍ॅनिमिया, अंगावरची सूज आणि दम लागणं यांसाठी उपचार केले होते. पण गेल्या पाच वर्षांत कोणत्या डॉक्टरला दाखवलं, या प्रश्नाच्या उत्तरात त्या उपचारांचा उल्लेख नव्हता. 1946 च्या नोव्हेंबरात तो माणूस गेला. पुढे विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं; अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी जानेवारी 1956 मध्ये ते जाहीर केलं आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली. ओरिएंटलची प्रकरणंही तिच्याकडे आली. मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी निकाल लागला तो दावेदाराच्या विरुद्ध. हप्तेही परत मिळाले नाहीत. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: लपवलेली बाब महत्त्वाची होती का, ती फसवण्याच्या हेतूने लपवली का, आणि सांगताना ते खोटं आहे हे माणसाला ठाऊक होतं का. आजही वाद याच तीन प्रश्नांभोवती फिरतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एलआयसीविरुद्धच्या एका प्रकरणात कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. मृत्यू हृदयविकाराने झाला होता आणि न सांगितलेलं दुखणं होतं मणक्याचं. ज्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही आणि जे जिवावरचं नाही, ते सांगितलं नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. ज्यांचा दावा आज अडकला आहे त्यांनी वकिलाला हा निकाल जरूर दाखवावा. पण त्याच्या भरवशावर आधीच आजार लपवू नये. तिथवर पोचायला त्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि हृदयाचा किंवा कॅन्सरचा आजार मणक्याच्या दुखण्यात मोडत नाही.

म्हणून प्रकृतीचं पान स्वतः भरा. फॉर्म मराठीत मागा. वाचता येत नसेल तर मुलीला, भाच्याला बसवा आणि प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कायद्यात एजंटला कंपनीचा प्रतिनिधी धरलेलं आहे, म्हणून ‘मी एजंटला सांगितलं होतं’ याला काही किंमत आहे. पण ती सिद्ध करायची आपल्या मागे राहिलेल्यांनी, आणि सही तर आपली असते. पॉलिसी आली की तिच्यासोबतची प्रपोजलची प्रत उघडून बघा. चुकीचं ‘नाही’ दिसलं तर त्याच आठवड्यात शाखेत लेखी कळवा आणि पोच घ्या. पॉलिसी पटली नाही तर हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

खर्र्याबद्दल वेगळं लिहितो. फॉर्मवर ‘तंबाखूचं सेवन करता का’ असा प्रश्न असतो. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की तंबाखू म्हणजे बिडी-सिगारेट, आणि खर्रा हा त्यातला नव्हे. तसं नाही. खर्रा, गुटखा, मशेरी सगळं त्यात येतं. मोठ्या रकमेच्या टर्म विम्यात लघवीची जी तपासणी होते तिच्यात निकोटिनचा अंश कळतो, तो खर्र्याचा असो की सिगारेटचा. तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारानंतरही खर्रा चालू असेल तर कोणतीही कंपनी दार उघडणार नाही, आणि मला त्यात कंपनीचं काही चुकतं असं वाटत नाही. सोडला असेल तर कधीपासून ते लिहा. सोडल्याला वर्ष उलटल्यावर अर्ज केला तर दरातही फरक पडू शकतो.

वेळेचं गणित आजारागणिक वेगळं. अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर कंपन्या साधारण सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात, मग इको, टीएमटी, साखर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे बघतात. कॅन्सरमध्ये कोणत्या अवयवाचा, कोणत्या स्टेजचा आणि उपचार संपून किती काळ झाला, यावर सगळं अवलंबून. सुरुवातीच्या टप्प्यात पकडलेल्याला काही वर्षांनी संधी असते, पसरलेल्याला बहुधा नाही. टीबीचा कोर्स पूर्ण करून प्रकृती सुधारली असेल तर रस्ता बराच मोकळा असतो; टीबीच्या सरकारी ‘निक्षय’ यंत्रणेतली नोंद आणि कोर्स पूर्ण झाल्याचा कागद जपून ठेवा. डायलिसिसवरच्या माणसाला साधा विमा मिळणं जवळजवळ अशक्य, तिथे वेळ घालवू नका.

सिकल सेलवर थोडं थांबतो, कारण तो विदर्भात घरोघरी आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच इथल्या सिकल सेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. फॉर्म भरताना घोळ होतो तो वाहक आणि रुग्ण यांच्यात. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. वाहक माणूस आयुष्यभर धडधाकट असू शकतो आणि त्याला विमा मिळायला सहसा अडचण येऊ नये. पण फॉर्मवर नुसतं ‘सिकल सेल आहे’ असं लिहिलं की वाचणारा अधिकारी रुग्णच समजणार. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसचा किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट सोबत जोडा आणि ‘वाहक, एएस’ असं स्पष्ट लिहा.

कागदांनी इथे फार फरक पडतो. फॉर्म तपासणारा अधिकारी, ज्याला अंडररायटर म्हणतात, तो मुंबईत किंवा विभागीय कार्यालयात बसतो. तो तुम्हाला बघत नाही, फक्त कागद बघतो. कागद अपुरे असले की तो सगळ्यांत वाईट गोष्ट गृहीत धरतो. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, कॅन्सर असेल तर बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट आणि किमो-रेडिएशनच्या तारखा, अलीकडचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं एक पत्र. पत्रात चार ओळी पुरतात: आजार काय होता, उपचार कधी संपले, आज प्रकृती कशी आहे, पुढची तपासणी कधी. डॉक्टरांना सांगा की विम्यासाठी हवं आहे. आणि यात उशीर करू नका. भरती रुग्णाची नोंद तीन वर्षं जपणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि मागितल्यावर 72 तासांत ती द्यावी असा नियम आहे. तीन वर्षांनंतर नोंद मिळेलच असं नाही. आज विमा घ्यायचा नसला तरी कागद आजच मागून घ्या.

एकाच वेळी चार कंपन्यांत अर्ज करू नका. दुसरीकडे अर्ज नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्याने मंजूर केला का, हा प्रश्न प्रत्येक फॉर्मवर असतो, आणि एका नकाराची सावली पुढच्या अर्जावर पडते. त्याऐवजी अर्ज न करता आधी अंदाज विचारा. एलआयसीचे अनुभवी विकास अधिकारी कागद बघून पूर्वअंदाज काढून देऊ शकतात. एजंट हा एकाच जीवन विमा कंपनीचा असतो. ब्रोकर अनेक कंपन्यांकडे विचारू शकतो आणि कायद्याने तो ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. गुंतागुंतीच्या केससाठी नागपुरातला चांगला ब्रोकर शोधणं मला जास्त योग्य वाटतं.

उत्तर जादा हप्त्याचं आलं तर लगेच ‘नको’ म्हणू नका. समजा, तब्येत चांगली असती तर वर्षाचा हप्ता 8,000 रुपये असता आणि कंपनी दीडपट मागते, म्हणजे 12,000. वरचे चार हजार म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आत. ज्या घरात लहान मुलं आहेत आणि डोक्यावर कर्ज आहे, तिथे मी हे घ्यायला सांगेन, हवं तर विम्याची रक्कम कमी करून. काही वर्षं प्रकृती उत्तम राहिली तर जादा हप्ता कमी करण्याची विनंती करता येते का, हे घेतानाच लेखी विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा भारही हलका झाला. ‘पुढे ढकललं’ असं उत्तर आलं तर किती महिन्यांनी आणि कोणते रिपोर्ट घेऊन यायचं, ते विचारून लिहून ठेवा.

फ्रान्समध्ये 2022 च्या कायद्याने कॅन्सरचे उपचार संपून पाच वर्षं झाली आणि आजार परतला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी तो सांगण्याची सक्ती उरलेली नाही. आपल्याकडे असा कायदा व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आज मात्र तो नाही. त्यामुळे आपल्या फॉर्मवर ‘कधीही झाला होता का’ असं विचारलं असेल तर त्याचा अर्थ कधीही, वीस वर्षांपूर्वीसुद्धा.

ज्यांना नकार मिळेल त्यांनी पुढचं नीट वाचावं. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वैद्यकीय तपासणी नाही. वय 18 ते 50 मध्ये बँकेत किंवा पोस्टात खातं असलेल्याला सामील होता येतं, संरक्षण 55 पर्यंत चालतं, वर्षाचा हप्ता 436 रुपये आणि रक्कम 2 लाख. नव्याने घेतल्यावर पहिले 30 दिवस अपघाताखेरीज इतर मृत्यूला संरक्षण नसतं. हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात पैसे नसतील तर संरक्षण तुटतं, म्हणून मे लागताच खातं बघा. पन्नाशी जवळ आली असेल तर हे काम या आठवड्यात करा, कारण ते वय ओलांडल्यावर नव्याने प्रवेश नाही. अपघातासाठीची सुरक्षा विमा योजना 20 रुपयांत आहे, ती सत्तरीपर्यंत घेता येते.

पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय नावाचा विमा आपोआप लागू असतो. त्यात आजाराचा एकही प्रश्न नाही आणि रक्कम पगारानुसार 7 लाखांपर्यंत जाते. पुष्कळ कामगारांच्या घरी याचा पत्ताच नसतो, म्हणून पीएफमधलं नामनिर्देशन तपासा. कोळसा खाणीतल्यांचा पीएफ वेगळा, त्यांनी आपल्या कार्यालयात विचारावं. पोस्टाचा ग्रामीण डाक जीवन विमा हा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे खाप्यातल्यांना नाही, पण भोवतालच्या खेड्यांतल्यांना त्याची चौकशी करता येईल. पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जासोबत येणाऱ्या गट विम्यात बरेचदा तपासणी नसते, पण ‘मी निरोगी आहे’ अशी ओळ बारीक अक्षरात असते. ती वाचल्याशिवाय सही नको.

आणखी एक साधी वाट सुटून जाते. आजार नवऱ्याला झाला असेल आणि बायको धडधाकट असून मागावर, शिवणावर किंवा शेतात कमावत असेल, तर मोठा विमा तिच्या नावाने घ्या. नवऱ्याचं कमावणं कमी झालेलं असताना घर तिच्याच कमाईवर उभं असतं.

दावा अडला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. खापा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या हद्दीत येतं. फी लागत नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. विमा नियामकाचा तक्रार क्रमांक 155255 आहे. नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला असतो, तिथली मुदत दोन वर्षांची. या सगळ्यासाठी लागणारी फाईल आजच तयार करून ठेवता येते: पॉलिसी, प्रपोजलची प्रत, दवाखान्याचे कागद, शाखेत दिलेल्या पत्रांच्या पोचा. ती कुठे ठेवली आहे हे नॉमिनीला दाखवा, आणि जुन्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून वारलेल्या आईचं किंवा वडिलांचं नाव राहिलं असेल तर बदलाचा अर्ज शाखेत देऊन या.